मऊ रंगाची झिलई

रात्रीच्या वेळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या मोटारीकडे ज्यांनी कधी निरखून पाहिले असेल, त्यांच्या एक गोष्ट सहज ध्यानात आली असेल. दिवसा, झाडाच्या सावलीत, हीच मोटार आरशासारखी लखलखीत दिसते. रात्री मात्र तिच्या बॉनेटवर दिव्याचे जे प्रतिबिंब पडते, त्याच्याभोवती बारीक रुपेरी रेघांचे वर्तुळाकार जाळे उमटलेले असते. एखाद्या कोळ्याने तो दिवा मध्यभागी धरून विणावे तसे. पाहणारा दोन पावले सरकला की दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबर हे जाळेही सरकते. मालकाला याचे मोठे कोडे पडते. कोणी दगड मारलेला नाही, गाडी कोठे भिंतीला घासलेली नाही. उलट रोज सकाळी ती मायेने पुसली जाते. मग हे जाळे आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर थोडे खेदजनक आहे. बहुतेक वेळा ते जाळे त्या मायेच्या पुसण्यानेच विणलेले असते. आणि मोटारीचा रंग मुळात मऊ असेल, तर ते नाहीसे करण्यासाठी म्हणून जी झिलई केली जाते, तीही पुष्कळदा जुने जाळे उसवून त्या जागी नवे विणते. मऊ रंगाला निर्दोष झिलई कशी द्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी कारागिराच्या हाताची आणि त्याच्या संयमाची तो पुरी परीक्षा पाहतो.

प्रथम हे जाळे म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. वस्तुतः रंगावर वर्तुळे कोरलेली नसतात. असतात ते असंख्य, सर्व दिशांना गेलेले, केसाहूनही बारीक ओरखडे. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक लहानशी चर. तिच्या कडांवरून प्रकाश उलटतो, पण तो ठरावीक दिशेलाच. दिव्याच्या प्रतिबिंबापासून बाहेर जाणाऱ्या रेषेला जे ओरखडे आडवे पडलेले असतात, तेवढ्यांचाच उजेड पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. या आडव्या तुकड्यांच्या मालिकेतून वर्तुळाचा भास होतो. वर्षानुवर्षे घासलेल्या स्टीलच्या ताटात बल्बच्या प्रतिबिंबाभोवती जी वलये दिसतात, तीही याच जातीची. पांढऱ्या मोटारीवर असे ओरखडे नसतात असे मुळीच नाही. परंतु पांढरा रंग आपल्या अंगचा इतका प्रकाश चहूकडे उधळतो की ओरखड्याचा क्षीण उजेड त्यात बुडून जातो. काळा रंग जवळजवळ सारा प्रकाश गिळून टाकतो आणि मग त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ओरखडा तेवढा एकटा चमकत राहतो.

हा रंग तरी असतो कसा? विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच ब्रशने रोगणाचे थरावर थर दिले जात, आणि ते वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची सुप्रसिद्ध मॉडेल टी मोटार केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारीला ड्यूपाँट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर देण्यात आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. पण या लॅकरला फवाऱ्यातून उतरल्याबरोबर तकाकी नसे. ते घासून चमकवावे लागे. अशा रीतीने घासकाम हा मोटारीच्या रंगाचा एक नित्याचा संस्कार होऊन बसला. पुढे १९८० नंतर रंगाचा थर वेगळा आणि त्याच्यावरचा पारदर्शक थर वेगळा, ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आज बहुतेक मोटारींवर हात फिरवताना हाताला रंग लागतच नाही. लागतो तो त्यावरचा हा पारदर्शक कोट.

या कोटाची जाडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी सर्वांत वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या डोक्यावरील केसाहूनही पातळ. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. मोटारीच्या जन्मापासून अखेरपर्यंत जी काही झिलई व्हावयाची, ती सारी एवढ्याशा भांडवलावर. घासल्याने या थरात भर पडत नाही. तो प्रत्येक वेळी थोडा उणाच होतो. झिलईची चमक 'चढते' असे बोलण्याचा प्रघात आहे खरा, परंतु पुटीने झाकलेल्या तात्पुरत्या चमकेचा अपवाद सोडला तर ती चढत नसून काहीतरी खरवडून काढल्यावर उरत असते.

आता मऊ रंग म्हणजे काय? पारदर्शक थर हा राळेसारख्या कृत्रिम द्रव्यांचा असतो. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांशी साखळ्यांनी जखडलेले असतात. ही जखडण घट्ट असेल तर थर कठीण होतो, पण त्याबरोबर ठिसूळही होण्याचा संभव असतो. रस्त्यावरचा खडा लागला की टवका उडतो. जखडण सैल ठेवली तर थर लवचीक राहतो, खड्याचा मार सोसतो, पण नखाएवढ्या कारणाने ओरखडतो. हा कठीणपणा मोजण्याची एक गमतीची आणि सर्वमान्य रीत आहे: मऊ शिशापासून कठीण शिशापर्यंतच्या पेन्सिली क्रमाक्रमाने रंगावर ओढावयाच्या, आणि पहिला ओरखडा कोणत्या पेन्सिलीने उठतो ते पाहावयाचे. जपानी बनावटीच्या अनेक मोटारींचा रंग, विशेषतः काळा, मऊ निघतो आणि जर्मन बनावटीच्या अनेक मोटारींचा कठीण, असा झिलई करणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. टोयोटाचा '२०२' या क्रमांकाचा काळा रंग तर या मऊपणासाठीच त्या व्यवसायात प्रसिद्ध आहे. कधी कधी हा मऊपणा हेतुपुरस्सरही असतो. निसान कंपनीने २००५ साली असा एक पारदर्शक थर पुढे आणला की त्यातील लवचीक राळेमुळे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने काही दिवसांत आपोआप भरून यावेत. सारांश, मऊ रंग म्हणजे वाईट रंग असे समजण्याचे कारण नाही. त्याचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो ओळखूनच त्याच्याशी वागले पाहिजे.

तो ओरखडतो कशाने, हेही पाहण्यासारखे आहे. रस्त्यावरच्या धुळीत, मग ती गोव्याची तांबडी असो वा माळव्याची काळी, वाळूचे सूक्ष्म कण असतातच. ही वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. फ्रिडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची श्रेणी बसविली, तीत क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. साध्या पोलादी सुरीच्या पात्यालाही ओरखडा काढण्याची त्याची ताकद, मग या राळेच्या थराची काय कथा! रात्रभर गाडीवर अशी धूळ बसते. सकाळी ड्रायव्हर किंवा मालक कोरडे फडके घेऊन, झाडून घेतल्यासारखे गोल गोल हात फिरवतो. धूळ निघून जाते आणि तिने काढलेल्या रेघा मागे राहतात. एकाच बादलीत पुन्हा पुन्हा बुडविलेले फडकेही तेच करते. तळाशी बसलेली वाळू ते दर खेपेस वर आणते. निष्काळजी माणसाची गाडी महिनोन् महिने धूळ खात उभी असते आणि तिच्यावर ओरखडे कमी असतात; काळजीवाहू माणसाची गाडी मात्र जाळ्याने भरून जाते, हा विरोधाभास पुष्कळ गॅरेजांतून पाहावयास मिळतो.

झिलई म्हणजे काय, याचा विचार न्यूटननेही केला होता. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात काच घासण्याच्या क्रियेविषयी त्याने असा आशय मांडला आहे की, घासण्याने काच परिपूर्ण सपाट होत नाही. तिच्यावरील ओरखडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान होतात, एवढेच. मऊ रंगाच्या झिलईची सारी गुरुकिल्ली या विचारात आहे. कारागिराला ओरखडे नाहीसे करावयाचे नसतात. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान, लहानांच्या जागी त्याहून लहान, असे करीत त्याला दृष्टीच्या पलीकडे जावयाचे असते. प्रकाशाच्या लहरीची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखडा त्याहून पुष्कळ लहान झाला की तो असून नसल्यासारखा.

कठीण रंगावर हा प्रवास सोपा असतो असे नाही, पण त्याची शिस्त सरळ असते. आधी जाडसर कंपाउंड आणि खरखरीत पॅड, मग बारीक पॉलिश आणि मऊ पॅड. मऊ रंगाची अडचण निराळीच आहे. जुने ओरखडे तर चुटकीसरशी निघतात. एखाद्या मिनिटात बॉनेटचा तुकडा स्वच्छ होतो आणि नवशिक्याला वाटते, काम फत्ते झाले. मग दिवा तिरपा धरला की तेथे धुरकट पडदा दिसतो. हे काम पॅडच्या धाग्यांनी केलेले असते. ज्या फोमचा कठीण रंगावर मागमूस उमटत नाही, तो फोमच येथे ओरखडे काढतो. झिलईतील कुरुंदाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, मोसच्या श्रेणीत नवव्या पायरीवर बसणारे कण तर काढतातच. आणि पुसून घेण्याचे फडकेही त्यात आपली भर घालते. नवशिका अशा वेळी अधिक जोर लावतो, यंत्राचा वेग वाढवितो आणि पडदा अधिकच दाट होतो.

लाखेच्या कामातली एक जुनी रीत येथे आठवते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडी खेळण्यावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग तिला ओप देण्यासाठी ते केवड्याच्या जातीचे पान वापरतात. लाखेसारख्या मऊ द्रव्यावर कानस चालत नाही, तेथे पानच लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. मोटारीच्या मऊ रंगावर काम करणाऱ्याने हाच धडा निराळ्या साधनांनी गिरवावयाचा असतो.

त्याची रीत थोडक्यात अशी. गाडी प्रथम सावलीत, भरपूर पाण्याने धुवावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. भर दुपारी तापलेल्या बॉनेटवर पॉलिश करणे म्हणजे आधीच मऊ असलेल्या थराला आणखी मऊ करून मग घासणे. रंगात रुतलेले कण काढण्यासाठी क्ले फिरवावयाची झाल्यास तीही सर्वांत सौम्य असावी आणि तिच्याखाली ओलावा भरपूर असावा. त्यानंतर जाडी मोजण्याच्या यंत्राने निरनिराळ्या भागांवरची रंगाची जाडी पाहून घ्यावी. हे यंत्र बहुधा सर्व थरांची मिळून जाडी दाखविते, एकट्या पारदर्शक थराची नव्हे, हे विसरू नये. कडा आणि उंचवटे यांवर थर पातळ असतो, म्हणून तेथे मास्किंग टेप लावावी.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. सगळ्या गाडीला हात घालण्यापूर्वी एका हातभर चौकोनावर प्रयोग करावा, आणि तो सर्वांत सौम्य साधनांनी सुरू करावा. यंत्र एकाच आसाभोवती गरगर फिरणारे नसावे. तसल्या यंत्राने मऊ रंगावर उन्हात हलताना दिसणाऱ्या लाटा उमटतात, ज्यांना कारागीर 'होलोग्राम' म्हणतात. फिरता फिरता किंचित झोकांड्याही खाणारे, ड्युअल ॲक्शन म्हणून ओळखले जाणारे यंत्र येथे इष्ट. पॅड अगदी मऊ, शेवटचा हात फिरविण्यासाठी असतो तसल्या फोमचे. पॉलिश बारीक, लवकर न सुकणारे; पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरेत. यंत्राचे स्वतःचे वजन हाच दाब समजावा, वेग मध्यम ठेवावा आणि हात सावकाश सरकवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा. शेवटच्या फेऱ्यांत तर यंत्र उचलून धरल्यासारखे हलके फिरवावे.

इतके करूनही धुरकटपणा राहिला तर काय करावे? अनुभवी माणूस जोर वाढवीत नाही. तो पॅडकडे पाहतो. झिजलेली राळ आणि वापरलेले कण मिळून पॅडवर चिकट गोळे तयार होतात, आणि मऊ रंगावरचे निम्मे अपराध या गोळ्यांचे असतात. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करावे, काही चौकोनांनंतर बदलावे. पॉलिशही बदलून पाहावे. कधी कधी अतिबारीक पॉलिशापेक्षा किंचित जोमदार पॉलिश मऊ पॅडवर अधिक स्वच्छ उतरते, कारण ते आपले काम थोड्या फेऱ्यांत उरकते आणि पॅडला घासण्यास कमी अवसर मिळतो. याचा नियम पुस्तकात सापडत नाही. एकाच कंपनीच्या दोन मोटारींचे रंगही वेगळे वागतात, म्हणून त्या हातभर चौकोनाला विचारूनच उत्तर मिळवावे लागते. पॅडवर काळा रंग उतरू लागला, तर मात्र एक गोष्ट निश्चित समजावी: त्या मोटारीवर पारदर्शक थर नाही किंवा तो संपला आहे. पहिल्या प्रकारात ही नेहमीची गोष्ट, दुसऱ्या प्रकारात हात तत्काळ थांबविण्याची.

यानंतरचे पुसणे हेही झिलईचेच अंग आहे. फडके जाड, मऊ मायक्रोफायबरचे, कडेची शिवण काढलेले असावे. जमिनीवर पडले की ते त्या कामातून बाद. कोरडे पुसू नये. ओलावा देऊन, दाब न देता एकदाच उचलून घ्यावे. खरी परीक्षा पॉलिशमधील तेल निघून गेल्यावर होते. त्यासाठी पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पृष्ठभाग पुसतात. पण मऊ रंगावर हे मिश्रण फार तीव्र असता कामा नये, आणि फडक्याने रगडता तर मुळीच नये. उजेड एकाच बिंदूतून येणारा हवा, उन्हाचा किंवा एकेरी दिव्याचा. वर्कशॉपातील ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सारे जग निर्दोष दिसते.

या ट्यूबलाइटपाशी एका नाजूक प्रश्नाला हात घालावा लागतो. बाजारात अशीही द्रव्ये मिळतात की जी ओरखडे काढीत नाहीत, तेलाने व पुटीने भरून तेवढी झाकतात. त्या दिवशी गाडी नव्यासारखी दिसते, मालक आनंदाने पैसे मोजतो, आणि चार धुण्यांनंतर जाळे पुन्हा वर येते. पुढे तो दुसरीकडे जातो. तेथे कोणी जाडसर कंपाउंडाने थर खरवडतो. हेच वर्षातून दोनदा होत गेले की काही वर्षांत छतावरचा पारदर्शक थर उन्हाने पांढरा पडून पापुद्रे सोडू लागतो, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर नसते. कारखान्यातील भट्टीत भाजलेला मूळ रंग एकदा गेला की गेला. हलक्या हाताची झिलई साधारणपणे एक-दोन मायक्रॉन नेते, आडदांड झिलई त्याच्या कितीतरी पट. म्हणून प्रामाणिक कारागीर मालकाला दिव्याखाली उभे करतो, अल्कोहोलने पुसून दाखवितो आणि नखाला अडकणारा खोल ओरखडा तसाच का सोडला, तेही समजावून सांगतो. तो ओरखडा काढण्याकरिता भोवतालचा सारा थर तेवढा खाली आणावा लागला असता. त्या एका रेघेपायी गाडीचे पुढले आयुष्य खर्ची घालणे त्याला मान्य नसते.

झिलईनंतर मेण लावावे, मग ते ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण असो, वा हल्लीचे सिलिकायुक्त सिरॅमिक लेपन. त्याने पाणी व मळ चटकन निथळतो आणि धुणे सोपे जाते. परंतु कोणताही लेप कोरड्या फडक्यापुढे टिकाव धरीत नाही. मऊ रंगाचे खरे रक्षण सवयीत आहे. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची. वरून खाली, सरळ रेषेत, हलक्या हाताने पुसावे. आणि सुकविताना घासण्याऐवजी टिपून घ्यावे. पाण्याची टंचाई असेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी. धुळीने मळकट दिसणारी गाडी धुऊन निघते. कोरड्या फडक्याने उठलेले जाळे धुऊन निघत नाही.

एवढी काळजी घेतल्यावर एखाद्या रात्री तीच काळी मोटार पुन्हा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहते. मालक खाली उतरून सवयीने बॉनेटकडे वाकून पाहतो. काळ्या रंगात खोलवर एकच दिवा पेटलेला असतो, आणि त्याच्याभोवती स्वच्छ अंधार. पंपावरचा पोरगा खांद्यावरचे कोरडे फडके काढून, काच पुसता पुसता उत्साहाने बॉनेटकडे वळतो. मालकाने त्या क्षणी हसून त्याचा हात धरावा; आठ तासांच्या झिलईचे सार्थक त्या एका कृतीत आहे.